काचेआडचा सौदा

“बाबा, एक शब्दही बोलायचा नाही,” निशांतने तिसऱ्यांदा बजावलं. “मागच्या वेळी तुम्ही गाडीचा खरा अ‍ॅव्हरेज सांगून बसलात आणि घ्यायला आलेले भिया चहा पिऊन चालते झाले. आज फक्त बसा. बाकी मी देख लूँगा.”

कृष्णरावांनी मान हलवली. आताशा त्यांना कुणाशीच वाद घालावासा वाटत नसे. ओट्यावरच्या खुर्चीत बसून ते समोरच्या सात आसनी धुडाकडे पाहत राहिले. अन्नपूर्णेच्या देवळामागच्या या गल्लीत गाडी पहिल्यांदा आली तेव्हा निम्मी गल्ली पेढे खायला जमली होती. आता ती वळवायची म्हटली की तीच निम्मी गल्ली शिव्या घालते.

गाडीत त्यांचे मिलचे पैसे होते. इंदूरच्या कापडमिला एकामागून एक बंद पडल्या, त्यात त्यांचीही पडली. मागखात्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाने मग दहा वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे हिशेबाचे दीड लाख हातात पडले. त्यात लाखाचं कर्ज घालून निशांतने ही जुनी गाडी घेतली. उज्जैन-ओंकारेश्वरच्या फेऱ्या मारू, घरच्यांनाही फिरवू, असा बेत होता. गाडीचा बेत वेगळा होता. लिटरला नऊच्या वर ती कधी गेली नाही. आधी क्लच गेला, मग डिझेलचा पंप, मग एसी. एकेक पार्ट येईपर्यंत ती सांवेर रोडच्या गॅरेजात आराम करायची. हल्ली चढावर तिसरा गिअर आपोआप सुटू लागला. मिस्त्रीने गिअरबॉक्सचे चाळीस हजार सांगितले, तेव्हा निशांतने हात टेकले आणि त्यात घट्ट ऑइल भरून घेतलं. आठवडाभर दुखणं दबतं म्हणे.

गाडी आज चांगल्या भावाने गेली तर कर्ज फिटून म्हातारपणाला थोडं तरी उरणार होतं. नाही गेली तर दारात उभी राहून भंगारात जाणार होती. कृष्णरावांना हे पक्कं कळत होतं. म्हणून तर ते गप्प बसायला तयार झाले होते.

गिऱ्हाईक वेळेवर आलं. समीर नावाचा तरुण, त्याचे वडील आणि आई. समीरने देवळापर्यंत चक्कर मारून आणली. सपाट रस्त्यावर घट्ट ऑइलने लाज राखली. एसी गार करतो का ते बघायला वडील काचा लावून मधल्या सीटवर बसून राहिले. दोन्ही पोरं ओट्याला टेकून, कृष्णरावांच्या कोपराशीच, भावावर आली.

“एक लाख अस्सी, भिया.”

“एक नव्वद. फॅमिलीनेच वापरलीय, रगडलेली नाही.”

कृष्णरावांचं लक्ष गाडीकडे होतं. काचेआडून तो म्हातारा ओट्याजवळ उभ्या असलेल्या आपल्या बायकोशी बोलत होता. आवाज नव्हताच. ओठ मात्र मोठे मोठे हलत होते, एकेक अक्षर सुटं. बसायला ऐसपैस आहे. मिलचे सगळेच पैसे जातील. पण पोरगं मार्गी लागेल.

बाईनेही तसंच, आवाज न काढता म्हटलं, सगळे नका देऊ.

कृष्णराव खुर्चीत पुढे झुकले. हे बोलणं मागखात्याचं होतं. शेकडो माग एकदम चालतात तिथं कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. तिथं माणूस ओठ वाचायला शिकतो आणि घरी येऊन बायकोलाही शिकवतो. पोरं झोपली की ते आणि यमुना असेच बोलत बसायचे. यमुनेला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून हे बोलणं त्यांनी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

“चला, एक पंच्याऐंशी,” निशांत म्हणाला. “बयाना द्या, बात खत्म.”

समीरने पुढे होऊन काचेवर टकटक केलं आणि हात पसरला. वडिलांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. ते किती दिवस उशाशी ठेवलं असेल हे कृष्णरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्याने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली.

कृष्णरावांचे ओठ हलले. घेऊ नका. गिअरबॉक्स गेलाय. ऑइल भरून दाबलाय.

मग मांडीवरच्या हाताची दोन बोटं जुळवून त्यांनी झटकन वेगळी केली. मागखात्यात याचा एकच अर्थ होता. धागा तुटलाय, माग बंद कर.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. पाकीट हळूच खिशात परत गेलं. दार उघडून तो खाली उतरला.

“चल समीर. आपल्याला नाही जमायचं.”

“अहो बाबा, बात पक्की झाली ना?”

“चल म्हटलं.”

फाटकापाशी म्हातारा एकदा मागे वळला. ओठ हलले. कुठली मिल? कृष्णरावांनी नुसते हात जोडले.

निशांतने टायरला लाथ घातली आणि ओट्याच्या पायरीवर मटकन बसला. त्याचं पडलेलं तोंड बघून कृष्णरावांना फार वाईट वाटलं. बुडणारे पैसे त्यांचेही होतेच.

“बाबा,” थोड्या वेळाने निशांत संशयाने म्हणाला, “तुम्ही काही बोललात का त्यांना?”

“तू माझ्या कोपराशीच तर उभा होतास,” कृष्णराव थकल्या आवाजात म्हणाले. “ऐकलंस का काही?”