आज्जी दमत न्हाय

"फोनवरच्या आवाजावर विसंबू नगंस. एकदा समक्ष येऊन म्हातारीला बघून जा," असं माहेरच्या गावच्या, पळसदेवच्या सोनमवहिनी म्हणाल्या, तेव्हा दिपालीनं ते कानाआड केलं. वहिनींचं आणि तिच्या माहेरचं बांधावरून भांडण होतं. त्यांना रविराजचं चांगलं कुठं बघवणार?

रविराज तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर दोघांना ठमाबाई आज्जीनंच वाढवलं. आता तो आज्जीजवळ राहून बारामतीला दोन पदव्या एकदम करत होता. सकाळी व्यवसाय व्यवस्थापन, दुपारी संगीत. दोन्हीकडं मिळून प्रकल्प एकच, आज्जी. संगीतासाठी त्यानं तिच्या जात्यावरच्या ओव्या वर्षभर रेकॉर्ड केल्या. व्यवस्थापनासाठी तिच्या नावानं मसाला काढला. रोज संध्याकाळी मोबाईलवर लाईव्ह. पडद्यावर नुसतं जात्याचं चित्र, मागं आज्जीचा आवाज. लोकांनी आपल्या लेकराचं नाव लिहायचं, आज्जीनं ते ओवीत गुंफायचं, आणि ओवी संपायच्या आत मसाल्याची जाहिरात.

इंदापुरात बाळाला पाजत दिपाली ते ऐकायची आणि तिला किळस यायची. आईच्या दुधाला कुणी भाव लावावा, तसं वाटायचं. शेवटी एकदा तिनं भावाला फोन केला.

"किती दमवतोस रे तिला? वय बघ तिचं."

"ती दमत न्हाय, ताई."

"आणि तिचा तो जुना खोकला?"

"लाईव्हमधी ऐकू येतो का? मग."

"मला दाखव तिला. व्हिडिओ लाव."

"चेहरा दाखवायचा न्हाय, असं ठरलंय. आज्जी दिसली न्हाय की ऐकणाऱ्याला ती आपलीच वाटती. गिऱ्हाईक असंच धरायचं असतं."

"मी गिऱ्हाईक न्हाय. नात हाय तिची."

"मग तुला मसाला फुकट," तो हसला.

तिनं फोन ठेवला. म्हातारीला घाण्याला जुंपलंय यानं. बाळाचा ताप उतरला की जायचं आणि आज्जीला इकडं घेऊन यायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या ग्रुपवर निरोप आला. दत्तोबा आबा गेले, सांच्याला माती. दत्तोबा म्हणजे आज्जीचे सख्खे दीर. चला, दिपालीला वाटलं, निदान सुतक फिटेस्तोवर तरी म्हातारीची सुटका झाली. सुतकात आज्जी कधीच गायची नाही. दिपालीच्या बाळाच्या बारशाच्या वेळी भावकीतलं कुणी लांबचं वारलं होतं, तर तिनं पाळणासुद्धा म्हटला नव्हता, मुकाट्यानं हलवला होता. "घरात सुतक हाय तवर गळा फकस्त रडायला," म्हणाली होती.

संध्याकाळी मोबाईल वाजला. लाईव्ह सुरू झालं होतं. आज्जी गात होती.

दिपालीनं रविराजला फोन लावला. बंद. सोनमवहिनींना लावला. उचलेनात, सगळे मातीला गेले असणार. नवरा वालचंदनगरला ड्युटीवर. शेवटी तिनं लाईव्हखालीच लिहिलं, "आज्जी, मी दिपाली. दत्तोबा आबा गेले ना?"

"व्हय गं बाई, लई वाईट झालं," आज्जीचा आवाज म्हणाला, आणि लगेच, त्याच गोडीनं, "तुझ्या बाळाचं नाव सांग, ओवी म्हणते."

बारशाला ज्याचा पाळणा हलवला, त्याचंच नाव आज्जी विचारत होती; वर्षभर रेकॉर्ड केलेल्या ओव्यांतून मशीननं उचललेला आवाज होता हा, आज्जी नव्हती. तिनं खाली लिहिलं, "हे वाचणारं पळसदेवचं कुणी असेल, तर आत्ता आमच्या घरी जा. दार फोडा. आज्जी आहे का, तेवढं बघा."