साठ सांगून पंचवीस

"साठ म्हणले होते तुमी. पंचवीस येऊन राहिले."

अशफाकनं अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. सोनाजी ओट्यावरूनच बोलत होता, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा बेतानं. "म्हशीच्या दुधात एवढा फरक पडला असता, तर इकणाऱ्याला दावणीला बांधला असता मी."

अशफाकनं गाडी लावली. वसमतमध्ये गेमिंगचे कॉम्प्युटर विकणारे बरेच होते, पण मशीन काय करणार नाही हे आधी सांगणारा तो एकटा. बाकीचे रंगीत दिवे लावून काहीही खपवायचे. हा बिलाच्या मागं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचा. सोनाजीनं जूनमध्ये मुलीसाठी मशीन घेतलं, तेव्हा त्यानं लिहून दिलं होतं, 'कोमलचा गोळीबाराचा गेम, मध्यम सेटिंग, साठ फ्रेम. त्यापेक्षा जास्त मागू नये.' फ्रेम म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं फिरतात तो आकडा. साठ असले की गेममधला माणूस पळतो. पंचवीस असले की अडखळतो आणि मरतो.

साठ लिहिले म्हणजे साठ. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. आणि सोनाजी पंधरा दिवसांपासून आपल्या गावच्या, शिरड शहापूरच्या हॉटेलात बसून सांगत होता, की अशफाकभाईचं लिहिलेलं खोटं निघालं. ठरलेली दोन गिऱ्हाइकं त्यापायी फिरली होती.

"उघडून बघा," सोनाजी म्हणाला. "काय काढायचं ते काढा. मला इचारू नका. मी चहा ठेवतो." तो सैपाकघरात गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

आतल्या खोलीत त्याची मुलगी कोमल गेम लावून बसली होती. टेबलावर पडद्याशेजारी मशीन होतं, म्हणजे असावं. दिसत काहीच नव्हतं. वरून खालपर्यंत जांभळं कव्हर. चारी बाजूंनी झालर, पुढं दोन मोर, मागं नाड्या. चालू करायच्या बटणापुरतं एक भोक, त्यालाही काज केलेलं. आत पंखा बोंबलत होता.

अशफाकला हसू फुटलं. हे काम कुणाचं ते त्यानं ओळखलं. सोनाजीची बायको सखुबाई दुकानात आली होती, तेव्हा तिनं मशीनबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. फक्त ते वितीनं मोजलं होतं. तिच्या घरात टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला होतं, गॅसच्या टाकीलासुद्धा होतं. "घरात उघडा मी एकलाच राहिलो," सोनाजी तेव्हा म्हणाला होता. त्यावर ती म्हणाली होती, "तुमच्या पोटाचं माप घावंना."

गणपतीनंतर आठ दिवसांच्या तापात ती गेली.

अशफाकनं नाड्यांच्या गाठी सोडल्या. पक्क्या होत्या, नखं लावावी लागली. कव्हर उचलून बाजूला ठेवलं, तशी आत कोंडलेली गरम हवा बाहेर पडली; मशीन तापलं की मंदावतं. हळूहळू पंख्याचा आवाज बसला. पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा चढू लागला. एकतीस. चव्वेचाळीस. साठ. बासष्ट.

"बघ," तो म्हणाला. "दोन वरतून दिले. बोलाव तुझ्या पप्पाला."

कोमल पडद्याकडं बघतच नव्हती. ती कव्हरच्या नाड्यांकडं बघत होती.

"मला माहीत हाय, भैय्या," ती म्हणाली. "मी खेळायला बसताना सोडायची. उठले की आई बांधायची. रोजचं भांडण आमचं." तिनं एक नाडी बोटाला गुंडाळली. "ही शेवटची तिनं बांधलेली व्हती. पप्पाला सांगू नका, सुटली म्हणून."

अशफाकचं हसू गेलं. टेबलाच्या काचेखाली त्याचंच बिल ठेवलेलं होतं, मागची बाजू वर करून. शेवटची ओळ त्याच्याच अक्षरात होती, 'मशीन धुळीपासून जपावं.' सखुबाईनं जपलं होतं.

त्यानं कव्हर परत घातलं. मोर पुढं आणले. गाठी होत्या तशाच मारायचा प्रयत्न केला. त्या तशा आल्या नाहीत. पंखा पुन्हा बोंबलायला लागला.

सोनाजी चहा घेऊन आला. त्यानं आधी टेबलाकडं पाहिलं, मग अशफाककडं.

"काय निघालं?"

"काही न्हाई, काका. चूक माझी हाय. मशीन पंचवीसचंच. मीच जास्त लिहिलं." काचेखालचं बिल काढून त्यानं साठ खोडले, पंचवीस केले आणि खाली सही केली. गिऱ्हाइकाला त्यानं पहिल्यांदाच खोटं लिहून दिलं, आणि तेही आपल्याच मशीनविरुद्ध. आता सोनाजी हे बिल हॉटेलात फिरवणार, हे त्याला कळत होतं.

पण सोनाजीनं ते पुन्हा काचेखाली सरकवलं. तिघं चहा प्याले. साखर घालायची राहिली होती. तरी कप रिकामे झाले.

अशफाक गाडीला किक मारणार, तेवढ्यात सोनाजी मागून आला.

"साठ झाले व्हते ना मघाशी?"

अशफाक हेल्मेट हातात धरून उभा राहिला. "तुमाला कसं कळलं?"

"पंखा गप झाला तवा. सैपाकघरात कान लावून बसलो व्हतो. म्हणलं, कव्हर निघालं एकदाचं."

"मंग माहीत व्हतं तर गावभर माझी बोंब काहून केली?"

"त्याबिगर तुमी आले असते का?" सोनाजीनं घराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमा बापलेकीच्यानं तिची गाठ सोडवंना, म्हणून तर तुमाला बोलवलं. आन तुमी पुन्हा बांधून निघाले."