उजेड गोळा करणारी काच

“अंधार पडायला अजून अर्धा तास आहे. तोवर चहा घ्या,” ब्रेथवेट म्हणाला आणि त्यानं दुकानातला दिवा मालवला.

त्याची ही तऱ्हा सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती. लख्ख दिव्याखाली कुठलीही काच चांगलीच दिसते, म्हणून बंदुकीवर बसवायची दुर्बीण तो भर उजेडात विकायचाच नाही. गिऱ्हाइकाला मागच्या अंगणात न्यायचा, दुर्बीण लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा आणि दिवस मावळला की म्हणायचा, आता बघा.

हेटी बर्केटचं चहात लक्ष नव्हतं. कधी एकदा ती दुर्बीण डोळ्याला लावते असं तिला झालं होतं. बाप गेल्यावर मेंढ्या एकटीनं सांभाळायचं तिचं हे पहिलंच वर्ष, आणि तीन आठवड्यांत पाच कोकरं नाहीशी झाली होती. पाचही एक-दोन दिवसांची. रक्त नाही, लोकरीचा पुंजका नाही. सकाळी नुसती मेंढी ओरडत उभी. पाचवं परवाच गेलं. शहरातल्या भावानं फोनवर साफ सांगून टाकलं होतं, सहावं गेलं की कळप विकायचा.

बरोबर जॉसकाका आला होता. जॉस टायसन म्हणजे दगडी गडग्यापलीकडचा शेजारी, बापाचा जुना दोस्त. कोल्हा पहिल्यांदा त्यानंच पाहिला. तेव्हापासून रोज रात्री विजेरीचा झोत धरायला तोच यायचा. या शिकारीला माणसं दोन लागतात, एक उजेड धरणारा आणि एक बंदूक धरणारा.

झोतात दोन डोळे चमकले की जॉस कुजबुजायचा, हाच तो, झाड गोळी. पण हेटीला बापानं शिकवलं होतं, नुसत्या डोळ्यांवर गोळी झाडायची नाही, अंग दिसलं पाहिजे. तिच्या जुन्या दुर्बिणीत अंग दिसेपर्यंत झोत हलून जायचा. हात थरथरतो गं पोरी, वय झालं, असं जॉस म्हणायचा. वर हेही म्हणायचा, की कळप विकायचाच झाला तर बाहेरच्याला देऊ नकोस, आधी मला विचार. कुणाला सुचतं हो एवढं?

“तुझी कोकरं पांढरी, त्याला ती काय करणार?” चहा फुंकत जॉस म्हणाला. “अंधारात कंदिलासारखी दिसतात. माझी बघ, जन्मतःच कोळशासारखी. कोल्हा शेजारून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.”

ब्रेथवेट हसला. यंदा वीण कशी झाली, असं त्यानं विचारलं. गेल्या वर्षी जॉसची बरीच कोकरं दगावली होती. तेव्हा त्यानं या डोंगरातला जुनाच उपाय केला होता. मेलेल्या कोकराचं कातडं शेपटीसकट सोलायचं आणि एखाद्या पोरक्या कोकराच्या अंगात जाकिटासारखं चढवायचं. मेंढी हुंगते, वास आपल्याच लेकराचा येतो, पाजायला लागते. चार दिवसांनी जाकीट उतरवलं तरी ती मग त्याला सोडत नाही.

“यंदा देवाची कृपा,” जॉस म्हणाला. “एकही मेलं नाही. सुरी बाहेर काढायची वेळच आली नाही. थोडी मोठी झाली की लगेच टेकडीमागच्या कुरणात हलवतोय.”

हेटीला त्याचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

बाहेर पुरतं अंधारलं तसा ब्रेथवेटनं ठोकळ्यावर दोन दुर्बिणी मांडल्या. एक लांबट, सोळा पट मोठं दाखवणारी. दुसरी आठच पट, पण पुढची काच बशीएवढी.

जॉसनं लांबटच घे म्हणून आग्रह धरला. मोठं दिसलं म्हणजे झालं, असं त्याचं म्हणणं. ब्रेथवेट मान हलवत राहिला. “अंधार मोठा करून काय करणार? झोतात शिकार करायची तर उजेड गोळा करणारी काच पाहिजे. आणि नजर रुंद पाहिजे, आजूबाजूला काय आहे ते कळायला.”

हेटीनं लांबट दुर्बीण डोळ्याला लावली. करडा धूर. मग रुंद काचेची लावली. नुसत्या डोळ्यांना काळाठिक्कर वाटणारा चर्चचा मनोरा समोर उभा राहिला, घड्याळाचे काटे वाचता यावेत इतका स्वच्छ. ती लहान मुलीसारखी हसली. आता कोल्ह्याची मिशीसुद्धा सुटत नाही, ती म्हणाली. हीच घेणार. आज रात्रीच.

तिला थांबवेना. तिनं ठोकळा वळवला. झाडं, पूल, नदी आणि नदीपलीकडे जॉसचं घराजवळचं कुरण.

“तिकडं काय बघायचंय?” जॉस म्हणाला. “अंधार आहे सगळा. ते घड्याळच बघ परत.”

पण तिकडंही सगळं दिसत होतं. गडग्याचे दगड, कडेला बसलेल्या मेंढ्या, त्यांच्या खांद्यावरचे जॉसचे लाल पट्टे. एका मेंढीपाशी एक काळं कोकरू गुडघे टेकून दूध पीत होतं. पोट भरायच्या आनंदात त्याची शेपटी भिरभिरत होती. हेटीनं दुर्बिणीच्या कड्याला हलकेच पीळ दिला. चित्र लख्ख झालं.

“काय गं पोरी, दिसतंय का काही?” जॉसनं मागून विचारलं.

त्या कोकराला दोन शेपट्या होत्या. वरची काळी, नुसतीच लोंबणारी. आणि तिच्याखाली हलणारी पांढरीशुभ्र.