मान

सासूला काढा, एवढी एकच ड्रायव्हरांची मागणी होती. डेपोत नव्या बसगाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर हे यंत्र आलं. बाजूला कुणी आलं की कडाडायचं, गाडी रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर सरकली की पीं पीं करायचं, पुढची गाडी फार जवळ आली तर स्वतःच ब्रेक दाबायचं. म्हणजे ड्रायव्हरने नुसतं बसायचं आणि बोलणी खायची, तीही भरल्या गाडीत, प्रवाशांच्या देखत. सासू हे नाव पडायला कितीसा वेळ लागणार?

आज मॅनेजरबाईंनी सगळ्यांना विश्रांतीच्या खोलीत बोलावलं होतं. डेपोतला सगळ्यात तोंडाळ ड्रायव्हर, ज्याला सगळे बुलेट म्हणत, तावातावाने भांडत होता. इतकी वर्षं आम्ही काय डोळे मिटून गाडी हाकत होतो का, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याने हुकमाचा पत्ता काढला आणि शेजारच्या नानांकडे बोट दाखवलं. नाना सगळ्यांत जुने. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. ते नको म्हणाले असते, तर बाईंना पुढे बोलायला जागाच उरली नसती.

"नाना, तुम्हीच सांगा. हा आपल्या मानाचा प्रश्न आहे."

नाना उठले. गाडीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

"मानेचंच सांगतो," ते म्हणाले. "माझी मान डावीकडे वळत नाही. बरेच महिने झाले. मी लपवलं."

मग नानांनी परवाची गोष्ट सांगितली. चौकात डावीकडे वळायचं होतं. आरशात कुणी नव्हतं. मान वळवून बघायला हवं होतं, ते जमलं नाही. त्यांनी चाक फिरवलं आणि सासू कडाडली. त्यांनी करकचून ब्रेक लावला, तर गाडीला अगदी खेटून एक मुलगी सायकलवर गुणगुणत निघून गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. ज्या सासूने आपला हात धरला, तिला शिव्या घालायची रीत नाही, असं ते म्हणाले. अशी सासू सगळ्यांना मिळो.

बाईंनी किल्ली उचलली. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत नानांना गाडी मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. नानांनी मान्य केलं आणि ते खाली बसले. स्टिअरिंग कायमचं सुटलं तर दिवसभर करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. तरी छातीवरचा धोंडा उतरला होता.

आता यंत्र नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं बाई म्हणाल्या. सगळे खाली बघत राहिले. एकच हात वर गेला, बुलेटचा.

बाईंनी सुस्कारा सोडला. बुलेटने घसा खाकरला.

"मॅडम, डॉक्टरकडे माझंही नाव द्या. संध्याकाळ झाली की समोरचे दिवे पसरतात, रस्ताच दिसत नाही. सासू मला उगाच नाही ओरडत."

बुलेट नानांच्या डाव्या हाताला बसला होता. नाना उठले, अख्खी खुर्ची त्याच्याकडे फिरवून समोरासमोर बसले आणि हळूच म्हणाले,

"कधीपासून रे?"