साफसफाईचा पाचवा दिवस

"अहो, ही फळी परत चिकट झालीये!" बायको मोटरहोमच्या आतून ओरडली.

तो बाहेर समोरची काच घासत होता. प्रवासात आपटलेले किडे काचेवर वाळून बसले होते. त्यानं दारातून डोकं आत घातलं आणि चेहरा जमेल तेवढा साधा ठेवला.

"कुठली?"

"गॅसच्या वरची. परवा पुसली, काल पुसली. आज बघते तर पुन्हा तेच."

"वरून काहीतरी गळत असेल."

वरून काहीच गळत नव्हतं. बायको आंघोळीला गेली की तोच रोज सकाळी त्या फळीवर दोन चमचे सरबत ओतायचा.

गाडी मेहुण्याची. आत पलंग, गॅस, फ्रीज, संडास, सगळं. त्यानं ती नऊ दिवस फिरायला दिली होती. अट एकच. "दाजी, दिली तशी परत. साफ झाली की फोन करा, मी येऊन घेऊन जातो." म्हणजे साफ झाली की गेली.

काम तसं एका दिवसाचं होतं. आज पाचवा दिवस होता.

पहिल्या दिवशी सांडपाण्याची टाकी रिकामी केली, संडासाची पेटी धुतली. दुसऱ्या दिवशी गाद्या उन्हात. तो काठीनं बडवायचा, ती शिंकायची आणि त्याच्या नावानं खडे फोडायची. तिसरा दिवस सीटखालच्या पट्ट्यांत अडकलेल्या वाळूत गेला. त्यानं टॉर्च धरायचा, तिनं ब्रशनं वाळू काढायची. "टॉर्च खाली धरा, माझ्या डोळ्यांत नको!" हे ती त्या दिवशी दहा वेळा तरी म्हणाली. त्याला फार बरं वाटलं.

कारण घरात ती एवढं बोलतच नसे. तोही नसे. भांडण वगैरे काही नव्हतं. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घरातलं बोलणं बहुतेक तिच्या बॅगेतून गेलं. घराला पाच खोल्या. तो वर टीव्हीपुढं, ती खाली. जेवायची वेळ झाली की ती मोबाईलवर टाकायची, "वाढलंय." तो उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवायचा. दोन वर्षं असंच.

गाडीत जायला दुसरी खोलीच नव्हती. एकानं चहा टाकला की दुसऱ्यानं पाय वर घेऊन पलंगावर बसायचं. नऊ दिवसांत सगळ्यात जास्त बोलले गेलेले शब्द दोनच. तिचा "सरका" आणि त्याचा "सरक." एकदा त्यानं गाडी रिव्हर्स घेतली आणि कपाटाची कडी लावायची राहिलेली. सगळी भांडी तिच्या अंगावर. ती आधी भडकली, मग हसायला लागली. मग तोही. गाडी आडवी रस्त्यात, मागचे हॉर्न मारतायत, आणि ह्यांना थांबताच येईना.

ही गाडी गेली की पुन्हा अंगठा. तेवढं त्याला कळत होतं. तिला ते सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. म्हणून सरबत.

दुपारी मेहुणा न सांगता उगवला.

"काय दाजी, गाडी धुताय की नव्यानं बांधताय?"

तो थेट आत शिरला. फ्रीज उघडला, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. गादी दाबली. सिंकमध्ये वाकून बघितलं. मग गॅसच्या वरच्या फळीवर हात फिरवला. फळी लख्ख. बायकोनं सकाळीच पुसून ठेवली होती.

"ताई, मी घेतली तेव्हासुद्धा ही एवढी चमकत नव्हती. झालं की मग! आणा किल्ली."

"चहा तरी घे," नवरा म्हणाला.

"घरी जाऊन घेतो."

त्यानं शर्टाचे खिसे चाचपले. पँटचे चाचपले. परत शर्टाचे. किल्ली पहिल्याच खिशात होती. मेहुणा हात पुढं करून उभा. शेवटी त्यानं ती काढली.

बायकोनं मधल्यामध्येच घेतली.

"कुठं झालंय? त्या फळीला वास येतोय."

मेहुण्यानं फळीला नाक लावलं. "कसला वास? काही येत नाही."

"तुला सर्दी झालीये."

"मला? कधी?"

"होईल. तू पुढच्या रविवारी ये."

मेहुण्यानं दाजींकडं बघितलं. दाजी एकदम काच पुसायला लागले होते. तो मान हलवत निघून गेला.

गेट लागल्याचा आवाज आला. बायकोनं किल्ली पर्समध्ये टाकली. बादलीतलं फडकं पिळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आणि तुम्ही हो, रोज त्या एकाच फळीवर काय ओतता? उद्या जरा दुसरीकडं सांडा."