दोन बोटं उंच

"ह्या डब्यात डोकं घातलं की टेबल दिसतं म्हणे. उद्या जेवणही ह्यातच वाढा मला," लंकाबाई म्हणाल्या.

सून ललिता वायरींचा गुंता सोडवत होती. पुण्याहून भाड्यानं आणलेलं हेल्मेट तिनं काँप्युटरला जोडलं. ते चढवलं की अजून न बनलेलं टेबल समोर उभं राही, त्याच्याभोवती फिरता येई.

अंबडच्या त्यांच्या कारखान्यात द्राक्षं पॅक करायची टेबलं बनत. आजवर आधी प्लायवूडचा सांगाडा व्हायचा, पॅकिंगच्या बाया त्याला उभ्या राहून बघायच्या, मगच लोखंड कापायचं. ललिता म्हणे, आता सांगाडा नको. लंकाबाई म्हणत, नवरा गेल्यावर कारखाना मी हाताला लागणाऱ्या वस्तूवर चालवला, स्वप्नावर नाही.

पिंपळगावच्या द्राक्ष-पॅकहाऊसचे मालक सहादूशेठ तोंडावरच बोलले होते. पहिलं टेबल नीट बसलं तर सगळ्या पॅकहाऊसचं काम तुम्हाला. बायांच्या कमरा दुखल्या तर पुण्याच्या कारखान्यांचा रस्ता त्यांना माहीत होता.

ठरल्या दिवशी शेठ आपल्या बाया घेऊन आले. काँप्युटरच्या एसी खोलीत चपला चालत नसत. तो नियम लंकाबाईंचाच. बाया अनवाणी आत गेल्या. त्यांतली मैना हेल्मेट घालून हवेतले घड उचलू लागली, बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. कोपर कुठे येतं, वाकावं लागतं का, ललिता एकेक विचारत होती.

"झकास हाय ताई," मैना म्हणाली. "फक्त द्राक्षं तोंडात जात नाय."

लंकाबाई तिच्या पायांकडे बघत होत्या. पॅकहाऊसची जमीन कायम ओली. तिथे ह्याच बाया जाड तळाचे गमबूट घालतात. अनवाणी पायांनी ठरवलेलं टेबल तिथे ठेंगणं पडणार, वाकून वाकून कमरेचा काटा ढिला होणार.

शेठसमोर सुनेची चूक काढली तर काम तिथेच गेलं. आणि एकटीला सांगावं, तर ही बया ऐकणारी नव्हे.

त्या तडक वेल्डिंगच्या शेडमध्ये गेल्या. जुने कारागीर कोंडाजी यांना बाजूला घेतलं.

"टेबलाचे पाय दोन बोटं वाढवून कापा. ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका."

कोंडाजींनी मान हलवली.

टेबल पिंपळगावला गेलं. गमबूट चढवून बाया दिवसभर उभ्या राहिल्या. कोणी वाकलं नाही, कोणी खांदे चोळले नाहीत. शेठनी सगळं काम दिलं आणि हेल्मेटची तारीफ करत सुटले.

लंकाबाईंनी मन मोठं केलं. सगळ्यांदेखत सुनेला म्हणाल्या, "जिंकलीस बाई. घे तुझा डबा विकत."

परतताना टेम्पोत कोंडाजी शेजारी होते. लंकाबाईंनी त्यांना हळूच बजावलं, पायांचं ललिताला कधीच कळता कामा नये. डब्यानंच केलं असं वाटू द्या तिला, पोरीचं मन मोडायला नको.

कोंडाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मालकीणबाई, मी पाय वाढवलेच नाहीत. वहिनी त्या दिवशी सकाळीच येऊन सांगून गेल्या होत्या, गमबुटांची उंची काँप्युटरमध्ये आधीच धरलीय. आत्याबाई येऊन पाय वाढवायला सांगतील, तेव्हा नुसती मान हलवा."