डावा इंडिकेटर

कित्येक वर्षांनी थोरला मुलगा आप्पांच्या जुन्या मोटरसायकलपाशी उकिडवा बसला होता. डावा इंडिकेटर नुसताच पेटून राहायचा, लुकलुकायचा नाही.

"फ्लॅशर बदलू का, आप्पा?"

"अरे, तो ठणठणीत आहे. मागच्या दिव्याची अर्थिंग गंजली असणार. घास जरा."

पॉलिश पेपरचे चार हात फिरले आणि दिवा टिकटिक करू लागला. आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. गुडघ्यापायी सहा महिने उभ्या असलेल्या गाडीसाठी आज पोराने हात काळे केले होते!

"उद्या पहिली चक्कर तुला मागे बसवून मारतो," ते म्हणाले.

मुलाने हात पुसले आणि फाटकाबाहेर ताटकळलेल्या माणसाला हाक मारली, "या साहेब, झालं काम. आता तरी घेणार ना गाडी?"